कांदेवाले काका आणि चोवीस तासांची ट्यूब

टाचांच्या भेगा हा विषय चारचौघांत काढायचा नसतो. काल तो निघाला, आणि मी नाही काढला. मी मेडिकलमध्ये फक्त हळूच विचारलं, भेगांना काही क्रीम आहे का, तर काउंटरवरची मुलगी वाकून माझ्या चपलेत बघत अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "मॅडम, तुमची स्किन डेड झालीय." अगं बाई, सगळ्यांच्याच कातडीचा वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, तुझ्यासुद्धा! पण हे सुचलं घरी जिना चढताना.

तर तिने साडेआठशेची ट्यूब काढली. मल्टिव्हेसिक्युलर, चोवीस तास. "म्हणजे काय?" असं मी तिला विचारलं आणि उत्तर आलं मागून. मागे एक काका उभे, एका हातात बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी, दुसऱ्यात भाजीची पिशवी, आणि चेहऱ्यावर रिटायर झाल्यावर पुन्हा वर्ग मिळाल्याचा आनंद. त्यांनी पिशवीतून कांदा काढला आणि काउंटरवरच सोलायला घेतला. "हे बघा ताई, पापुद्र्याच्या आत पापुद्रा. मधेमधे ग्लिसरीनचं पाणी कोंडलेलं. एक सुटला की थोडं बाहेर, दुसरा सुटला की अजून थोडं. एकरकमी नाही, हप्त्याने!" सालं माझ्या पायावर, म्हणजे ज्या पायांबद्दल चर्चा चालू होती त्यांच्यावरच. मग लायपोसोम झाले, म्हणजे असलेच डोळ्यांना न दिसणारे पापुद्र्यांचे फुगे, ते १९६० च्या दशकात केंब्रिजजवळ बँगम नावाच्या इंग्रजाला सापडले, १९८६ मध्ये डिऑर या फ्रेंच कंपनीने ते क्रीममध्ये घातले, आणि त्यांच्या भिंती लेसिथिन नावाच्या स्निग्ध पदार्थाच्या, "सोयाबीनमधून काढतात नाहीतर अंड्याच्या बलकातून." यावर रांगेतल्या एक आजी दचकून दोन पावलं मागे सरल्या, म्हणाल्या आज चतुर्थी आहे हो. "सोयाबीनचं आजी, सोयाबीनचं!" काका.

राग याचा की माणूस चुकीचं काहीच बोलत नव्हता. पण तो हे सांगत नव्हता की असले अख्खे फुगे बहुतेक त्या मेलेल्या थरातच अडकतात, जाहिरातीतल्या बाणासारखे सरसर खोल जात नाहीत. आणि मला कुठे खोल जायचंय, टाच मऊ झाली की बस! ग्लिसरीनची साधी बाटली त्याच कपाटात खालच्या फळीवर धूळ खात होती. तिच्याकडे बोट दाखवेपर्यंत काकांनी ट्यूबचं सील फोडलं होतं, "टेक्श्चर बघू", आणि सुपारीएवढा गोळा स्वतःच्या कोपराला चोळला होता.

"ओपन झालेली परत घेत नाही मॅडम."

आठशे पन्नास. मी दिले. का दिले, मलाही कळत नाही, रांग होती म्हणून असेल. काका निघताना म्हणाले, "चोवीस तास म्हणताय ना, उद्या याच वेळी सांगतो."

आज दूध आणायला गेले तर समोर हजर. कोपर पुढे. "ताई, परत खरखरीत! पण मधे आंघोळ केली मी, ती धरायची का?"

माझ्या ट्यूबला अजून कांद्याचा वास येतोय.