‘क्युरारे’ नुसतं पळत नव्हतं : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया सविस्तर उत्तर द्यावं अशीच आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘क्युरारे’सारखी जुनी रेडिओ कंट्रोल कसरतीची विमानं (जमिनीवरून रेडिओनं उडवायची छोटी मॉडेलं) नुसती वेगात पळायची, आज फोमचं साधं विमान जायरोच्या (तोल आपोआप सांभाळणाऱ्या उपकरणाच्या) मदतीनं प्रॉपेलरवर लटकून राहतं, मग ती विमानं आखणाऱ्यांचं एवढं कौतुक कशाला?

लटकणारं विमान बघायला मलाही आवडतं. पण त्या मंडळींपुढचं कोडंच वेगळं होतं.

एड कझमिर्स्कींनी 1960 साली स्वित्झर्लंडमध्ये ड्युबेनडॉर्फला पहिलं जागतिक अजिंक्यपद ‘ओरायन’वर जिंकलं. तेव्हा रीडचे, म्हणजे नुसत्या चालू-बंद कळांचे, रेडिओ संच असत. कळ दाबली की एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी) पूर्ण वर, सोडली की मध्यावर; अधलंमधलं काही नाही. गोल लूप काढायचा तर कळ टकटक दाबत राहायचं! म्हणजे हात सुटल्यावर विमानानं आपली रेघ धरून ठेवायला हवी, आणि तरी उलटं उडताना अडूनही बसता कामा नये. या दोन्ही गोष्टी एकाच सांगाड्यात बसवणं हीच तर डिझाइनची कसोटी.

मग प्रपोर्शनल रेडिओ आला आणि स्टिक जितकी हलवाल तितकाच सर्वो (या फळ्या हलवणारी छोटी मोटर) हलू लागला. फिल क्राफ्ट स्वतः रेडिओ बनवायचे. 1967 साली कॉर्सिकात ते ‘क्विक फ्लाय 3’वर जगज्जेते झाले. रेडिओ आणि विमान दोन्ही एकाच डोक्यातून आलेलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आता वेगाबद्दल. ऑस्ट्रियाच्या हानो प्रेटनर यांनी 1977 मध्ये अमेरिकेत, ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला ‘क्युरारे’वर अजिंक्यपद मिळवलं. त्या काळात परीक्षकांसमोरून जाताना एक कसरत करायची आणि लांब जाऊन वळून यायचं. त्या वळण्याला गुण नसत. इंजिन 10 सीसीचं. एवढ्याशा ताकदीवर उंच, सरळ उभ्या रेषा काढायच्या तर वेग आधीच साठवून आणावा लागे. म्हणून ट्यून्ड पाइप (इंजिनाची ताकद वाढवणारी धुराची नळी), म्हणून पोटात मिटणारी चाकं. पुढे 1980च्या दशकात टर्नअराउंड पद्धत आली, टोकाच्या वळणांनाही गुण मिळू लागले, आणि विमानं हळूहळू मोठी, संथ झाली. नियम बदलला तसं रूप बदललं. जुन्यांना संथ उडवता येत नव्हतं, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

‘क्युरारे’चं शेपूट एकदा नीट बघा. आडवे पंख खाली झुकलेले आहेत. नाइफ एजमध्ये, म्हणजे विमान कुशीवर उभं धरून उडवताना, नुसता रडर (शेपटीची उभी फळी) दिला की विमान स्वतःहून लोळू पाहतं, नाकही भरकटतं. ती खोड कमी करायला हा झुकाव. आज तुम्ही ट्रान्समीटरमध्ये मिक्सिंग (एका फळीबरोबर दुसरी आपोआप हलवणं) भरून जे साधता, त्यातलं बरंचसं तिथे बाल्साचं हलकं लाकूड कापतानाच साधलेलं आहे. जमल्यास जुन्या नकाशावरून एखादं बांधा आणि जायरोशिवाय उडवा. मग वाद घालायला मी आहेच.