ऐच्छिक, पण कंपल्सरी

सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी एका रात्री बरोब्बर आठ वाजता आमच्या को-ऑपची, म्हणजे मुलांना घरी शिकवणाऱ्या कुटुंबांच्या गटाची, ड्युटी शीट ऑनलाइन उघडते आणि आठ वाजून दोन मिनिटांनी त्यात नर्सरीत तान्ही पोरं सांभाळणं, बाथरूम आणि लंचनंतरचं व्हॅक्युम एवढंच शिल्लक राहिलेलं असतं. तत्काळचं तिकीट काढताना छातीत धडधडतं ना, सेम तसं. आर्ट क्लासला मदतनीस, लायब्ररीच्या टेबलावर बसून राहणं, असली बिनघामाची कामं नक्की कोण पटकावतं हे मला अजून कळलेलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी जिला विचारावं ती म्हणते मला पण नाही मिळालं गं.

आता हे प्रकरण काय ते सांगते. आम्ही डॅलसजवळ राहतो आणि आमची मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. पण सगळंच काही एका आईला येत नाही, म्हणून आमच्यासारखी ख्रिस्ती कुटुंबं दर मंगळवारी एका चर्चच्या इमारतीत जमतात आणि जिला जे येतं ते ती सगळ्यांच्या मुलांना शिकवते, एकीकडे बायोलॉजी, एकीकडे निबंध, एकीकडे लॅटिन. ऐकायला फार छान वाटतं. मुलांना दारात सोडून कॉफी प्यायला पळता येत नाही एवढंच, आईने दिवसभर तिथंच थांबायचं आणि काहीतरी करायचं. ह्याला व्हॉलंटियरिंग म्हणतात आणि ते न केल्यास पुढच्या सेमिस्टरला प्रवेश नाही.

खरं तर टेक्सासात होमस्कूलवाल्यांच्या डोक्यावर साहेब कोणीच नाही. 1994 मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने लीपर केसमध्ये सांगून टाकलं की घरची शाळा ही खाजगी शाळाच धरायची, त्यामुळे नोंदणी नाही, तपासणी नाही, वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व हे पाच विषय शिकवा म्हणजे झालं. तिकडे न्यूयॉर्कच्या आया दर तीन महिन्यांनी डिस्ट्रिक्टला रिपोर्ट पाठवत बसतात आणि आम्ही इथे एकदम मोकळ्या. एवढं मोकळं राहणं बहुतेक सहन झालं नाही म्हणून आम्ही स्वतःच एक सरकार काढलंय आणि त्याचं हँडबुक आहे. ताप गेल्यावर, म्हणजे औषधाशिवाय गेल्यावर, 24 तास झाल्याशिवाय मूल आणायचं नाही, शेंगदाण्याचा पदार्थ आणायचा नाही (माझी अर्धी पाककला इथेच संपली, नगरच्या बाईला कूट नको म्हणजे काय), प्रत्येक मोठ्या माणसाचा बॅकग्राउंड चेक, आणि शेवटी आम्ही अमुक अमुक गोष्टींवर विश्वास ठेवतो अशा कागदावर नवरा-बायको दोघांची सही.

त्या कागदाचं मला टेन्शन होतं कारण आमच्यात बॅप्टिस्ट आहेत, प्रेस्बिटेरियन आहेत, कुठल्याच पंथाचं नाव न लावणारे आहेत, आणि बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की मोठेपणी समजून घ्यायचा ह्यावर गेली पाचशे वर्षं ख्रिस्ती लोकांचं पटलेलं नाही. पण आमच्याकडे त्यावरून कोणी ब्र काढत नाही. भांडण झालं ते नर्सरीत लागोपाठ दोन आठवडे कोण बसलं ह्यावरून, आणि ते सुद्धा भांडण म्हणता येणार नाही, इथल्या बायका भांडत नाहीत, त्या गोड हसून म्हणतात की मी तुझ्यासाठी प्रार्थना करतेय. तेव्हा समजायचं.

नर्सरीपेक्षा वाईट काम फ्लोटरचं. नाव ऐकून मला वाटलं होतं की इकडे तिकडे तरंगायचं. फ्लोटर म्हणजे जिचं स्वतःचं काम नाही म्हणून जिला सगळ्यांचं काम आहे, निबंधवाली बाई आली नाही तर निबंध, कोणी उलटी केली तर उलटी. आणि बाई येणार नाही हे कळतं कसं, तर प्रार्थनेच्या ग्रुपवर. सकाळी साडेसहाला मेसेज येतो, प्लीज प्रार्थना करा, धाकट्याला रात्रीपासून ताप आहे. खाली लगेच वीसेक हात जोडलेले इमोजी. मी फ्लोटर असले की हात नंतर जोडते, आधी तिचा क्लास कितीचा आहे ते बघते.

बेडूक चिरायचा तासही मला असाच मिळाला. तो चर्चच्या किचनमध्ये घेतात कारण मोठं सिंक तिथंच आहे. ट्रेमध्ये उताणे पडलेले राखाडी बेडूक, तो औषधाचा वास, एक मुलगा विचारतोय ह्याच्या पोटात माशी असेल का, दुसरी मुलगी रडतेय, आणि मी एका हाताने टिश्यू देत दुसऱ्या हाताने चित्रात लिव्हर कुठंय ते शोधतेय. दुसऱ्या दिवशी, म्हणजे बुधवारी संध्याकाळी, त्याच ओट्यावर चर्चच्या लोकांचा जेवणाचा कार्यक्रम. मी ब्लीचने तो ओटा किती वेळ घासला असेल ते माझं मला माहीत.

कारण जागा आपली नाही ना. प्रत्येक खोलीत दाराजवळ एक फोटो चिकटवलाय, लॅमिनेट केलेला, खोली परत कशी दिसली पाहिजे त्याचा. खुर्च्या आठ-आठच्या थप्पीत, टेबल खिडकीच्या बाजूला, फळा पुसलेला. जाताना सगळ्याजणी त्या फोटोसमोर उभ्या राहून खोली ताडून बघतात. कार्पेटमध्ये नारिंगी माशांच्या आकाराची ती चिमुकली बिस्किटं चुरा होऊन बसलेली असतात आणि तो चुरा व्हॅक्युमने निघत नाही, गुडघ्यावर बसून नखाने काढावा लागतो. बाप लोक ह्या सगळ्यात कुठे असतात म्हणाल तर ते ऑफिसात असतात. वर्षअखेरच्या कार्यक्रमाला येतात, दोन टेबलं उचलतात, आणि स्टेजवरून त्यांचे खास आभार मानले जातात. आमच्या ह्यांनी तर त्या टेबलाबरोबर फोटो काढून नगरला पाठवला.

नगरला माझी आई, मिशनच्या शाळेत जन्मभर बाई होती. तिला हे काही केल्या पटत नाही. अगं, अमेरिकेच्या बायका बोटीत बसून आपल्याकडे शाळा काढायला आल्या, ती मिशनची फरारबाई 1862 ला वारली ती आपल्या नगरातच वारली, सावित्रीबाई तिच्याकडे शिकवायला शिकल्या, आणि तू तिकडं जाऊन पोरं शाळेतनं काढलीस? मी म्हंटलं आई, इथे पण शाळाच आहे, फक्त घरची. मग दर मंगळवारी डबे घेऊन जातीस कुठं, म्हणाली. शिकवायला. पगार किती? नाही. फी? आपणच देतो. झाडायला शिपाई? मीच. बराच वेळ फोनवर काही आवाजच नाही.

मग ती ह्या वर्षी आमच्याकडे राहायला आली आणि मंगळवारी बरोबर न्यावंच लागलं. कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती, एवढ्यात आमच्या कोऑर्डिनेटरला कोणीतरी सांगितलं की ह्या रिटायर्ड टीचर आहेत. ती फाइल घेऊन धावतच आली, आईचे दोन्ही हात हातात घेतले, देवानेच तुम्हाला पाठवलं वगैरे, आणि बॅकग्राउंड चेकचा फॉर्म पुढे केला, नर्सरीची जागा रिकामी होती. आईने चष्मा लावला, फॉर्म दोन्ही बाजूंनी पाहिला, घडी करून परत दिला आणि मला म्हणाली, तिला सांग, माझी पेन्शन सुरू झालीये.