‘||’ लावलं की डिफॉल्टचं काम झालं? मुळीच नाही

‘जावास्क्रिप्टच्या क्लोजरमध्ये अनडिफाइन्डची कटकट नको? हे चार नियम पाठ करा,’ असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. (क्लोजर म्हणजे बाहेरच्या फंक्शनची व्हेरिएबल्स धरून ठेवणारं आतलं फंक्शन, आणि अनडिफाइन्ड म्हणजे व्हॅल्यूच न मिळालेली अवस्था.) नुकतंच कोडिंग शिकायला लागलेल्या माझ्या भाचीने त्यातला पहिला नियम जसाच्या तसा वापरला, म्हणून हे लिहायला बसले.

पहिला नियम: व्हेरिएबलपुढे ‘||’ लावून डिफॉल्ट, म्हणजे काही मिळालं नाही तर वापरायची व्हॅल्यू, द्या, मग काही तपासायला नको. सगळ्यात घातक सल्ला हाच. ‘||’ अनडिफाइन्ड शोधतच नाही. डावीकडची व्हॅल्यू फॉल्सी, म्हणजे अटीत ‘खोटी’ धरली जाणारी, आहे का, एवढंच बघतो. 0, रिकामी स्ट्रिंग, फॉल्स, सगळं त्याच्या लेखी सारखंच. भाचीचं फंक्शन रिट्रायचा (पुन्हा किती वेळा प्रयत्न करायचा तो) आकडा घेऊन क्लोजर परत करत होतं आणि आत होतं ‘रिट्राय || 3’. पैसे पाठवणारी रिक्वेस्ट दोनदा जाऊ नये म्हणून कुणी मुद्दाम 0 दिला, तरी हा कोड तो 0 गिळणार आणि रिक्वेस्ट फेल झाली की पुन्हा पाठवत बसणार. ना एरर, ना वॉर्निंग! अहो, 2020 पासून भाषेत ‘??’ आहे, डावीकडे नल (मुद्दाम दिलेलं ‘काहीच नाही’) किंवा अनडिफाइन्ड असेल तरच तो डिफॉल्ट देतो. आणि नाव डिक्लेअरच केलं नसेल, तर दोन्ही निरुपयोगी. तिथे थेट रेफरन्सएरर येतो.

दुसरा: क्लोजर व्हॅल्यूची कॉपी ठेवतो. साफ चूक. तो व्हेरिएबलच धरून ठेवतो. व्हारने (व्हेरिएबल डिक्लेअर करायची जुनी पद्धत) लिहिलेल्या लूपमध्ये 0 ते 2 मोजत सेटटाइमआउटला, म्हणजे फंक्शन नंतर चालवणाऱ्याला, आकडा छापणारी तीन फंक्शन्स द्या, तिन्ही 3 छापतील, कारण ती चालतात तेव्हा लूप संपून ते एकच व्हेरिएबल 3 झालेलं असतं. व्हारच्या जागी लेट लिहा, 0, 1, 2 येईल, कारण लेट प्रत्येक फेरीला नवं व्हेरिएबल देतो. पीएचपी या दुसऱ्या भाषेत ‘यूज’ने क्लोजरमध्ये घेतलेलं व्हेरिएबल एरवी कॉपी होतं खरं, पण मेसेज जावास्क्रिप्टबद्दल आहे ना?

तिसरा: डिफॉल्ट पॅरामीटर, म्हणजे फंक्शनच्या कंसातच लिहिलेली डिफॉल्ट व्हॅल्यू, नललाही लागतो. नाही लागत. भाषेचं अधिकृत स्पेसिफिकेशन, ईसीएमए-262, उघडून बघा: व्हॅल्यू अनडिफाइन्ड असेल तरच डिफॉल्ट. नल दिला तर क्लोजर तो नलच सांभाळतो, आणि कोड फुटतो तो नंतर, भलत्याच ठिकाणी.

चौथा: टाइपऑफने (व्हॅल्यूचा प्रकार सांगणारा ऑपरेटर) तपासलं की एरर येत नाही. हे अर्धं खरं, नाइलाजाने मान्य करते. डिक्लेअर न केलेल्या नावावर टाइपऑफ गुपचूप ‘अनडिफाइन्ड’ देतो. पण त्याच ब्लॉकमध्ये खाली लेट किंवा कॉन्स्टने डिक्लेअर केलेलं नाव वरच्या ओळीत तपासलं, तर टाइपऑफही रेफरन्सएरर देतो. 2015 मध्ये लेट-कॉन्स्ट भाषेत आले, तेव्हापासून हे असंच आहे.