‘दिवस न भरलेलं बाळ आपोआप भरून निघतं’: फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत घरोघरच्या मोबाईलवर एक मेसेज फिरतो आहे: ‘आठव्या महिन्यात झालेलं बाळ सहा महिन्यांत आपोआप भरून निघतं. सारखं वजन करू नका, नजर लागते. तिसऱ्या महिन्यापासून नाचणीची पेज आणि म्हशीचं दूध सुरू करा. अशक्त बाळाची लस पुढं ढकला.’

सगळ्यात घातक शब्द ‘आपोआप’. बाळ भरून निघतंय की मागं पडतंय, हे मोजल्याशिवाय कळत नाही. आणि मोजायचं तर आधी वय नीट धरावं लागतं. ४० आठवड्यांतून बाळ जितके आठवडे आधी आलं, तितके त्याच्या वयातून वजा करायचे. समजा, मुलगा ३२ आठवड्यांचा जन्मला, आज पाच महिन्यांचा आहे आणि वजन ५.४ किलो भरलं. जन्मतारखेवरून वाढीच्या तक्त्यात मांडलं तर तो कमी वजनाचा ठरतो, कारण पाच महिन्यांच्या मुलाची खालची रेघ ६ किलोची. आठ आठवडे वजा केले की तो तीन महिन्यांचा. तिथली खालची रेघ ५ किलोची, म्हणजे बाळ ठीक आहे. हे वजा न केल्यामुळंच घरातले घाबरतात आणि वरचं दूध सुरू होतं. वाढीसाठी ही वजाबाकी दोन वर्षांपर्यंत करायची.

आता वजन आणि नजर. मुदतीची तारीख (४० आठवडे भरण्याचा दिवस) उलटल्यावर पहिले तीन महिने बाळ रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं, म्हणजे आठवड्याला १५० ते २०० ग्रॅम. लोंबत्या काट्यावर १०० ग्रॅमला एक रेघ असते. बाळानं पाय झाडले तरी तेवढा फरक पडतो. त्यामुळं १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा हवा, आणि दर वेळी तोच. दुपटं ठेवून काटा शून्यावर आणा, बाळाला उघडं करून दूध पाजण्याआधी ठेवा. रोज मोजून जिवाला घोर लावून घेऊ नका, आठवड्यातून एकदा पुरे. आठवड्यात १०० ग्रॅमही वाढ नसेल तर पुढच्या आठवड्याची वाट न पाहता दवाखाना गाठा.

नुसतं वजनही फसवतं. वजन चढतंय पण लांबी आणि डोकं अडलंय, तर ती नुसती चरबी असू शकते. डोक्याचा घेर न ताणणाऱ्या टेपनं, भुवयांच्या वरून मागच्या उंचवट्यावरून घ्या. तीनदा मोजून सर्वांत मोठा आकडा लिहा. मुदतीच्या तारखेपर्यंत तो आठवड्याला अर्धा ते एक सेंटिमीटर वाढतो. वाढ थांबली तर काळजी, सव्वा सेंटिमीटरहून जास्त झाली तरीही काळजी: डोक्यात पाणी साठत असू शकतं.

पेजेचा सल्ला तर उलटाच आहे. पातळ पेजेनं पोट भरतं आणि बाळ अंगावरचं दूध कमी पितं. म्हशीच्या दुधातली जादा प्रथिनं आणि क्षार कोवळ्या मूत्रपिंडांना जड जातात, लोह तर त्यात नावालाच. पाणी घालून पातळ केलं की ताकदही जाते. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांना वरचं अन्न चार महिने झाल्यावर द्यावं की सहा महिने झाल्यावर, याचा अभ्यास भारतातल्या तीन सरकारी रुग्णालयांत झाला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही वयं वजा करून धरलेली. चार महिन्यांनी सुरू केलेल्या बाळांचं वजन वर्षाअखेर जास्त नव्हतं, उलट दवाखान्यात भरती होण्याची वेळ त्यांच्यावर जास्त आली. या बाळांना वेगळं लागतं ते लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब. किती द्यायचे, ते डॉक्टर वजनावरून ठरवतात, म्हणून वजन वाढलं की मात्रा पुन्हा विचारून घ्या.

लसीला मात्र वजाबाकी नाही. सहा, दहा आणि चौदा आठवडे जन्मतारखेपासूनच मोजायचे.

तायी कार्डावरचा, म्हणजे कर्नाटकातल्या आई-बाळाच्या नोंदींच्या सरकारी कार्डावरचा, मजकूर कन्नडमध्ये असतो. घरात वाचता येत नसेल तर आशाताईंकडून किती आठवड्यांचं बाळ, जन्माचं वजन आणि पुढची तारीख मराठीत लिहून घ्या. त्याच कागदावर डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीची तारीखही हवी: २ किलोहून कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाची ती जन्मापासून ३० दिवसांच्या आत होते, फार लहान बाळांची त्याहून लवकर. बाळ अजून बारीक आहे, जरा अंग धरू दे, म्हणून ती पुढं ढकलू नका.