‘विषात पाणी ओतून विटा विकायच्या का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पोलाद कारखान्यातल्या आर्क फर्नेसची (विजेच्या भट्टीची) धूळ विटेच्या मातीत मिसळून भाजायची, म्हणजे तिच्यातलं शिसं विटेत अडकून राहतं, या विषयावरच्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. दोन टक्के धूळ घालून चाचणी पास करणं म्हणजे विषात पाणी ओतणं. वीट उद्या फुटेल तेव्हा काय, हे लेखात नाही. आणि असलं वाचून गावोगावचे भट्टीवाले फुकटची धूळ मातीत ढकलतील. पहिला आक्षेप नेमक्या जागी बसतो, म्हणून त्यावरच जास्त लिहितो. पण त्यावरून हा मार्गच बंद करा म्हणणं मला पटत नाही.

आधी हिशेब. आर्क फर्नेसमध्ये भंगार वितळवताना टनभर पोलादामागे साधारण १५ ते २० किलो धूळ बॅग फिल्टरमध्ये जमते. त्यात लोखंडाचे ऑक्साइड, गॅल्व्हनाइज्ड पत्र्यातून आलेलं जस्त, शिसं, थोडं कॅडमियम आणि क्लोराइड क्षार असतात. शिसं २ टक्के धरू. ३ किलोच्या सुकलेल्या कच्च्या विटेत २ टक्के म्हणजे ६० ग्रॅम धूळ, त्यात १.२ ग्रॅम शिसं. किलोमागे ४०० मिलिग्रॅम. कचऱ्यातून विषारी धातू किती सुटतात हे बघणाऱ्या टीसीएलपी चाचणीत विटेचा ९.५ मिलिमीटरपेक्षा बारीक चुरा वजनाच्या २० पट ॲसिटिक आम्लाच्या द्रावणात १८ तास फिरवतात. यातलं शिसं झाडून सगळं सुटलं, तरी लिटरमागे २० मिलिग्रॅम येईल. मर्यादा आहे ५. म्हणजे पाऊण हिस्सा अडला की वीट पास. धूळ पाव टक्क्यावर आणा, विटेने कणभरही शिसं धरलं नाही तरी आकडा २.५ च्या आसपास राहतो. इतक्या कमी प्रमाणात ‘पास’ या शब्दाला काही अर्थच उरत नाही.

तेव्हा रिपोर्टमध्ये मर्यादेआधी टक्केवारी बघायची: एकूण शिशातलं किती सुटलं? कच्च्या धुळीतून सुटतं त्याच्या तुलनेत भाजलेल्या विटेतून किती? हा फरक मोठा असेल तरच भाजण्याने काही साधलं.

त्यातही एक फसवणूक दडलेली असते. विटेतून शिसं सुटत नाही, कारण ते विटेत राहिलेलंच नाही, धुराड्यातून गेलं. हे पकडायला वजनाचा ताळा लागतो. मातीची भाजताना ८ टक्के घट होत असेल, तर किलोमागे ४०० मिलिग्रॅमचे भाजल्यावर ४३५ व्हायला हवेत. प्रयोगशाळा ३०० दाखवत असेल, तर सुमारे ३१ टक्के शिसं हवेत गेलं. विटेचा रिपोर्ट छान आणि भट्टीच्या वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्यांचे हाल.

शिसं-जस्त उडतं कशामुळे? मुख्य गुन्हेगार क्लोराइड. शिशाचं क्लोराइड ९५० अंशांना उकळतं आणि त्याच्या बरंच आधीपासून वाफ धरू लागतं. दुसरं कारण म्हणजे मातीत मिसळलेलं जळण. आपल्याकडे तूस, बगॅसची राख, कोळशाचा चुरा मातीतच मळायची पद्धत आहे. त्याने विटेच्या पोटात ऑक्सिजन पोचत नाही, काळा गाभा राहतो, आणि सुमारे ९०० अंशांच्या पुढे तिथला कार्बन जस्ताच्या ऑक्साइडचं धातूत रूपांतर करतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं, त्यामुळे तेही निघून जातं. धूळ घातलेल्या मातीत जळण मिसळायचं नाही, ही अट मी सगळ्यांत वर ठेवेन.

क्लोराइड काढण्यासाठी धूळ आधी पाण्याने धुवावी लागते. न धुतलेल्या धुळीने विटेला लोणाही लागतो. पण धुळीत चुना असतो. पाण्याचा सामू १२ च्या आसपास गेला की शिसंही विरघळून पाण्यात उतरतं. ते पाणी नाल्यात सोडायचं नाही. सामू ९ ते १० वर आणून गाळ बसवायचा. मग धुतलेली धूळ ओलीच, रबडी करून पगमिलच्या (माती मळण्याच्या यंत्राच्या) पाण्यातून द्यायची. कोरडी ओतली तर गुठळ्या होतात, एका विटेत जास्त आणि दुसरीत नाही असं होतं. शिवाय मळणारा माणूस ती श्वासातून घेतो, आणि हे धुराड्याइतकंच गंभीर आहे.

भट्टीत भरपूर हवा दिली की शिसं-जस्त विटेत टिकायला मदत होते. पण त्याच हवेत, चुना आणि अल्कली असताना, क्रोमियमचं षट्संयुजी, म्हणजे विषारी आणि पाण्यात विरघळणारं रूप बनतं. त्यामुळे स्टेनलेस स्टीलची धूळ यात नकोच. साध्या धुळीच्या विटेचाही चुरा नुसत्या पाण्यात वेगळा तपासावा; ॲसिटिक आम्लाच्या चाचणीवर यासाठी विसंबू नये.

दुसरा आक्षेप, फुटल्यानंतरचा. टीसीएलपी चुऱ्यावरच होते, पण ती कचरा डेपोची नक्कल आहे. आपल्याकडे विटेचे तुकडे गच्चीवरच्या ब्रिकबॅट कोब्यात जातात, सिमेंटच्या तीव्र अल्कली पाण्यात भिजत पडतात, आणि शिसं आम्लात सुटतं तसं तीव्र अल्कलीतही सुटतं. सामू १२ च्या पाण्यात चुऱ्याची वेगळी चाचणी हवी. अखंड विटेसाठी नेदरलँड्समध्ये वापरतात ती ६४ दिवस पाण्यात बुडवून ठेवायची चाचणी योग्य. आपलं विटांचं मानक आयएस १०७७ दाबशक्ती, पाणी शोषण आणि लोणा बघतं, शिसं नाही. त्यामुळे ‘आयएसप्रमाणे आहे’ हे उत्तर इथे निरुपयोगी.

तिसरा आक्षेप भट्टीवाल्यांचा. उघड्यावर रचलेल्या भट्टीत एका कडेला ७०० अंश, मध्ये १०००, धुरावर ताबा नाही, जळण मातीतच. तिथे ही धूळ एक टक्काही नको. हे काम फक्त टनेल किलनचं (बोगद्यासारख्या बंदिस्त भट्टीचं), जिथे तापमान नोंदवलं जातं आणि धूर गाळता येतो. जस्त १५ टक्क्यांच्या वर असेल तर तिथेही नको. ती धूळ वेल्झ किलनला द्यावी. तिथे १,१०० ते १,२०० अंशांना कोकसोबत जस्त मुद्दाम उडवून पकडतात आणि ५५ ते ६० टक्के जस्ताचा ऑक्साइड मिळतो. असा माल विटेत गाडणं निव्वळ नासाडी. जालन्याकडच्या इंडक्शन फर्नेसमध्ये स्पंज आयर्न (खनिजापासून बनवलेलं कच्चं लोखंड) किती घातलं, भंगार कसलं, यावर धुळीतलं जस्त खालीवर होतं, म्हणून लॉटगणिक नमुना हवा.

कायद्याने ही धूळ परवानगीशिवाय कोणी कोणाला देऊ शकत नाही. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतला नियम ९ असा वापर करणाऱ्याला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी घ्यायला लावतो, आणि ट्रकसोबत फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (माल कुठून कुठे चाललाय याचा कागद) लागतं. तुमच्या भागातल्या भट्टीवर करडी-तपकिरी, टाल्कमसारखी बारीक धूळ उतरताना दिसली तर आधी हे दोन कागद मागा. नसतील तर ट्रकचा नंबर आणि तारीख घालून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या (एमपीसीबी) प्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या.