कुलरची वायर आणि कडी लावायचा सल्ला

काल रात्री ताईने एक मेसेज पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, "आपलंच चुकतंय का गं?" ते वाचून राहवलं नाही.

मेसेज म्हणतो, मुलांना ओसीडी (नको ती भीती पुन्हा पुन्हा मनात येणं आणि ती शमवायला तेच तेच करत राहणं, हा मानसिक आजार) वगैरे काही नसतं, हे लाडाचं फळ आहे. पोरगं रात्री उठून तपासत बसलं तर खोलीत टाकून बाहेरून कडी लावा, तीन रात्रींत सवय सुटते. झोपताना मोबाइल देऊ नका. दुधात जायफळ घाला.

आधी कडीचं बोलू. माझा भाचा नऊ वर्षांचा आहे. नागपुरात मे महिन्यात कुलरशिवाय झोप नाही, आणि कुलरचा शॉक लागल्याच्या बातम्या उन्हाळ्यात येतातच. तशीच एक त्याच्या डोक्यात बसली. बाबांना शॉक लागेल म्हणून तो उठतो, टॉर्च मारून वायर पाण्याला टेकली नाही ना ते बघतो, सातपर्यंत मोजतो, आडवा होतो. मोजताना चुकलो असं वाटलं की परत उठतो. यात दीड वाजतो. "मावशी, मला झोपायचंय, पण डोकं ऐकूनच नाही राहिलं," असं रडत सांगत होता. या पोराला कोंडायचं? वायर दिसली नाही तर बाबांची काळजी दुप्पट होईल आणि मोजणी मनातल्या मनात चालेल. तीन रात्रींनी आवाज बंद होईलही, घाबरल्यामुळे.

"काही नसतं" म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. २००८ साली 'जर्नल ऑफ अँक्झायटी डिसऑर्डर्स'मध्ये ओसीडी असलेल्या ६६ मुलांचा अभ्यास आला. सुमारे ९२ टक्के मुलांना झोपेची किमान एक तक्रार होती, २७ टक्क्यांना पाच किंवा जास्त. त्यातल्या ज्या मुलांनी सीबीटी, म्हणजे विचार-वर्तन उपचार पूर्ण केले, त्यांच्या झोपेच्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या.

मोबाइलचं बरोबर आहे. लाडाचंही अर्धं मान्य करावं लागेल. ताई रात्रीतून वीसदा "वायर कोरडी आहे रे राजा" सांगते. त्याला घटकाभर बरं वाटतं आणि शंका पोसली जाते. पण हे सांगणं थेरपिस्टच्या मदतीने, मुलाला विश्वासात घेऊन, हळूहळू कमी करायचं असतं. जायफळ जास्त झालं तर विषबाधा होते, लेकरावर प्रयोग नको.

ताई, आठवडाभर तो किती वाजता झोपला, कितीदा उठला, वहीत लिहून ठेव. मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत मी येते सोबत. तोवर रात्री फारच झालं तर १४४१६ लाव, टेली-मानस आहे, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, पैसे लागत नाहीत.