पाळक नाही आले का?

परवा आमच्या मेथडिस्ट चर्चमध्ये भक्ती (उपासना) सुटल्यावर बाहेर नेहमीचा अड्डा जमला होता, विषय एकच, आपल्या पाळकांची, म्हणजे पास्टरांची, बदली होणार म्हणे. एक जण म्हणाला बरंच झालं, संदेश (प्रवचन) फार लांबवायचे. दुसरे काका म्हणाले माझं ऑपरेशन झालं तेव्हा फक्त दोनदा भेटायला आले. फक्त दोनदा! मी तिथे काही बोलले नाही पण घरी आल्यावर डोक्यातून जाईना म्हणून इथे लिहितेय, लांबलचक होणार आहे, सवड असेल तरच वाचा.

आपल्याला पाळक दिसतो तो रविवारी, पुलपिटवर. सोमवार ते शनिवार तो काय करतो ते ज्याच्या घरी काही बिनसलंय त्यालाच माहीत असतं. एका शनिवारी मी स्वतः बघितलंय, सकाळी दफन, दुपारी लग्न, संध्याकाळी कमिटीची मिटिंग (छप्पर गळतंय, त्यावर दोन तास भांडण), आणि त्यानंतर रात्री बसून दुसऱ्या दिवसाचा संदेश. सकाळी रडणाऱ्यांमध्ये आणि दुपारी नाचणाऱ्यांमध्ये उभं राहायचं, मधे कपडे बदलायलाही वेळ नाही. वर रिपोर्ट, हिशोब, पंचायती वेगळ्याच. राहतं घर चर्चचं, म्हणजे रिटायर झाल्या दिवशी डोक्यावरचं छप्पर पण गेलं. आणि बदलीचं म्हणाल तर जिथे बिशप आहेत तिथे नेमणूक बिशप करतात, ब्रिटनमध्ये कॉन्फरन्स (चर्चची मुख्य सभा) करते, पाळकाशी बोलणं होतं पण शेवटचा शब्द त्याचा नसतो. मुलांची शाळा, बायकोची किंवा नवऱ्याची नोकरी, सगळं त्या एका निर्णयावर टांगलेलं.

आता गंमत बघा. ही बदली म्हणजे कुणी दिलेली शिक्षा नाही, मेथडिस्ट चळवळीचा पायाच तो आहे. इंग्लंडमध्ये ही चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली स्वतः १७३९ पासून म्हातारपणापर्यंत घोड्यावरून गावोगाव फिरत होते, आणि त्यांनी लिहून ठेवलंय की एकाच ठिकाणी वर्षभर प्रवचन केलं तर मी पण झोपेन आणि ऐकणारे पण झोपतील. अमेरिकेत १७७१ ला गेलेले मेथडिस्ट प्रचारक फ्रान्सिस अॅस्बरी तर लग्न न करता, स्वतःचं घर न करता १८१६ ला मरेपर्यंत फिरत राहिले. प्रचारक एका वस्तीत आला की पुढचे कित्येक आठवडे परत दिसायचा नाही.

मग मधल्या दिवसांत आजाऱ्याला कोण बघायचं? माझा सगळा मुद्दा इथेच आहे. १७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये मेथडिस्टांच्या सभागृहाचं कर्ज फेडायचं होतं. एका कॅप्टनने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, बारा-बारा जणांचे गट करावेत, आणि प्रत्येक गटातल्या एकाने पैसे गोळा करावेत. तो माणूस पैसे मागायला घरोघर जायला लागला आणि त्याला दिसलं की कुणी दारू पितंय, कुणाचं बायकोशी पटत नाहीये, कुणी आजारी पडलंय. वेस्लींनी ते लगेच हेरलं, आणि १७४३ च्या नियमांमध्ये आलं की क्लास लीडरने, म्हणजे अशा गटाच्या पुढाऱ्याने, आपल्या गटातल्या प्रत्येकाला आठवड्यातून एकदा तरी भेटायचं. हे लीडर पाळक नव्हते हो, तुमच्या-माझ्यासारखी कामधंदा करणारी माणसं होती, बाया पण होत्या. म्हणजे पाळक येणार-जाणार हे धरूनच सगळी रचना होती, घरं सांभाळायची ती तिथल्याच माणसांनी.

आपण काय केलं तर बदली तेवढी ठेवली आणि क्लास लीडर गायब केले. त्या सगळ्यांचं काम एका माणसाच्या गळ्यात घातलं आणि वर हिशोब मांडतो की दोनदाच आला.

हो, आळशी पाळक असतात, मीही बघितलेत, उगाच सगळ्यांना देवदूत बनवायचं नाहीये मला. खुद्द वेस्लींचा संसार तरी कुठे धड झाला? १७५१ ला लग्न केलं, पुढे दोघं वेगळे राहिले, आणि १७८१ ला बायको गेली तेव्हा ते लंडनला येऊन पोहोचले होते तरी त्यांना कळलं ते तिला पुरल्यावर, एक-दोन दिवसांनी. सगळ्या जगाची विचारपूस करणाऱ्या माणसाची ही घरची कथा. म्हणून पाळकाच्या घरचं विचारा जरा. दीक्षेआधी त्यांना जे जुने प्रश्न विचारतात त्यात "घरोघरी भेटी द्याल का" हा एक आहे आणि "कामात अडचण येईल इतकं कर्ज तर नाही ना डोक्यावर" हाही आहे. पहिला प्रश्न आपल्याला बरोबर लक्षात राहतो, दुसरा नाही.

तर नुसतं बोलून काय उपयोग म्हणून आम्ही तिघींनी बारा घरांची यादी केली, म्हातारी माणसं आणि आजारी, दर आठवड्याला जायचं ठरवलं. पहिल्याच घरी आजींनी दार उघडलं, आमच्या तिघींच्या मागे मान लांब करून रस्त्यावर बघितलं, आणि विचारलं, पाळक नाही आले का?

पुढच्या बुधवारी परत जातोय त्यांच्याकडे.